अलजियाच्या कुंपणाचा शेवटचा फडा

मी एक जुना फडा आहे, मित्रांनो. फड्या निवडुंगाचा, माणसाच्या पंजापेक्षा मोठा, कडेने वाळलेला आणि एका बाजूला उंदराने कधीतरी कुरतडलेला. तुमच्या गावाबाहेरच्या माळावर माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील आणि काट्यांच्या भीतीने लांबूनच गेला असाल. मी मात्र ट्युनिशियातला, थाला गावापलीकडच्या उघड्या पठारावरचा. तिकडे आम्हाला 'हिंदी' म्हणतात. हिंदुस्थान आमच्यापैकी कुणी पाहिलेला नाही, पण नाव पडले ते पडले.

सध्या मी आइन द्राहम नावाच्या डोंगरातल्या ओल्या गावी, एका घरामागच्या ओट्यावर पडलो आहे. समोर घरधनी लझर खड्डा खणतो आहे. माती चिकट आहे, फावड्याला लागून राहते, त्यामुळे त्याला वेळ लागतो आहे. तेवढ्या वेळात माझी गोष्ट सांगून होईल.

माझा जन्म कुंपणात झाला. अलजिया नवी नवरी होऊन त्या घरात आली तेव्हा सासूने तिच्याकडून अंगणाच्या कडेने फड्यांची एक रांग लावून घेतली होती. ती रांग वाढत वाढत माणसाच्या डोक्यावर गेली. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले अंगण दिसत नसे आणि आतल्या बाईला डोक्यावरचे वस्त्र सारखे सावरावे लागत नसे. उन्हाळ्यात आमची बोंडे पिकली की अलजिया पहाटे ती काढायची, वाळल्या गवतावर लोळवून त्यांची कुसे झाडायची आणि दारात आलेल्या कुणालाही खायला द्यायची. दुष्काळात आमचेच फडे जाळावर धरून, काटे जाळून, शेळ्यांना घातले जात. आम्ही कापले गेलो तरी त्याचे कुणाला वाईट वाटत नसे, आम्हालाही नाही. जिथे कापले तिथे पुन्हा फुटायचे, हीच आमची जात.

अलजियाचा नवरा गेला, मुलगी गमरा लग्न होऊन उत्तरेला डोंगरात गेली, आणि घरात अलजिया, चार शेळ्या आणि आम्ही उरलो. ती आमच्याशी बोलत असे. विशेष काही नाही, आज वारा फार आहे, पीठ संपत आले, असे.

मग किरमिजी कीड आली. सुरुवातीला आमच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, कापसाच्या बारीक पुंजक्यांसारखे. शेजारची वर्दा रस्त्यावरून हसत म्हणाली होती की अलजियाचे कुंपण म्हातारे झाले, केस पिकले त्याचे. अलजियाही हसली. पण तिने एक पुंजका बोटाने चिरडला आणि बोट लाल झाले तेव्हा हसू गेले. ती कीड फड्यातला रस पीत बसते, हलत नाही, आणि तिची पिल्ले इतकी बारीक असतात की वाऱ्यावर बसून दुसऱ्या गावाला जातात. आम्ही आधी पिवळे पडलो, मग सुकून कोसळू लागलो. अलजियाने साबणाचे पाणी केले, खराटा घेतला आणि एकेक फडा घासला. काट्यांनी तिचे हात फाटले. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक पुन्हा पांढरे झालेले असे.

शेवटी सरकारी माणसे ट्रॅक्टर घेऊन आली. माणसे वाईट नव्हती. लागण झालेला निवडुंग उपटायचा, जाळायचा आणि पुरायचा, असा हुकूम होता. त्यातला एकजण अदबीने म्हणाला, "खाला, हे आज काढलं नाही तर उद्या शेजाऱ्यांचं जाईल."

"शेजाऱ्यांचं कालच गेलं, बाबा," अलजिया म्हणाली. "तू उशिरा आलास. चहा घेशील?"

त्याने चहा घेतला आणि मग ट्रॅक्टर सुरू केला.

गमरा तेव्हा काही दिवस आईसोबत राहायला आली होती आणि त्याच दिवशी परत निघणार होती. ट्रॅक्टर एका टोकाने येत होता, तेव्हा अलजिया दुसऱ्या टोकाला, भाकरीच्या भट्टीमागे, फडे तपासत होती. तिथे रोजचा धूर लागायचा. म्हणून असेल किंवा नशिबाने असेल, तिथले तीन फडे स्वच्छ निघाले. त्यात मी होतो. अलजियाने सुरी राखेने पुसली आणि आम्हाला सांध्यावर कापले.

मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. कापलेला फडा लगेच मातीत लावत नाहीत. त्याला सावलीत नुसते पडू द्यायचे. त्याची जखम सुकते, तिच्यावर चामड्यासारखी खपली येते, आणि मगच मातीची गोष्ट काढायची. ओल्या जखमेला पाणी लागले की आमच्या आत सड शिरते. अलजियाला हे श्वास घेण्याइतके माहीत होते. पण त्या दिवशी वेळ नव्हता. गमराची वडाप दुपारी सुटणार होती. आम्हाला गोणपाटात गुंडाळून, जखमा उघड्या ठेवून, गाडीच्या टपावर बांधले.

तिकडे रीत आहे की घरचे माणूस प्रवासाला निघाले की त्याच्यामागे पाणी टाकतात. पाण्यासारखे सरळ जावे आणि परत यावे, अशी त्यामागची इच्छा. एरवी बायका ओंजळभर शिंपडतात. अलजियाचे कुंपण त्या सकाळी आडवे झाले होते, मुलगी निघाली होती, आणि तिचे मन भरून आले होते. तिने भांडेच्या भांडे फेकले. अर्धे पाणी रस्त्यावर पडले आणि अर्धे टपावरच्या गोणपाटावर. गमराने ते काचेतून पाहिले. पण आईला पाणी टाकू नको म्हणणे म्हणजे मला परत यायचे नाही असे म्हणणे, म्हणून ती गप्प बसली. चालकाने गाडी सोडली.

आइन द्राहमला पोहोचलो तेव्हा गोणपाटाला वास सुटला होता. माझ्या वरचा फडा, ज्याने ते पाणी सगळ्यात जास्त प्यायले, तो बुडाशी काळा पडला होता. गमराने कापून पाहिले. आणखी कापले. काळे संपेना, तेव्हा तिने तो लांब नेऊन टाकला.

हे गाव आमच्या पठारासारखे नाही. इथे ओकची दाट जंगले आहेत, घरांना उतरती लाल कौले आहेत, आणि हवेलाच पाणी सुटलेले असते. सकाळी धुके दारात येऊन उभे राहते. भिंतींना शेवाळ, मिठाला ओल, वाळत घातलेले कपडे संध्याकाळीही दमट. जिथे दगडसुद्धा पाणी पितो तिथे आम्हाला जगायचे होते.

गमराची सासू मन्नूबिया प्रेमळ बाई. बोलते खूप, पण ताटात आधी दुसऱ्याला वाढते. आम्ही दोघे पडवीत कोरडे पडलो होतो आणि दिवसेंदिवस सुरकुतत होतो. सुरकुतणे आमच्यासाठी चांगले असते, आतले पाणी आम्ही पुरवून वापरतो. मन्नूबियाला ते पाहवेना.

"पाहुणा सुकून चाललाय आणि तू त्याला कोरडा ठेवलायस," ती सुनेला म्हणाली. "तुझ्या माहेरून आलेल्याला आमच्या घरात पाणी मिळत नाही, असं गावभर व्हायचंय का?"

"लल्ला, त्याला तहान लागत नाही," गमरा म्हणाली. सासूला ती मानाने लल्ला म्हणत असे.

"तहान न लागणारं मी अजून काही पाहिलं नाही. तुझा सासराही तेच म्हणायचा, आणि मग घागर तोंडाला लावायचा."

गमरा हसली आणि रानात मेंदीसारख्या पाल्याच्या फांद्या गोळा करायला गेली, सुगंधी तेल काढणाऱ्यांना त्या लागतात. ती गेल्यावर मन्नूबियाने ओकखालची काळी, कुजलेल्या पानांची माती आणली, एक कुंडी भरली आणि माझ्या भावाला गळ्यापर्यंत तिच्यात पुरले. झऱ्याचे पाणी घातले. रोज घातले. मला तिने हात लावला नाही, कारण दुसरी कुंडी नव्हती. मी आज बोलतो आहे त्याचे कारण एवढेच आहे.

भाऊ काही दिवस छान दिसला. फुगला, हिरवा झाला. मन्नूबिया शेजारणींना दाखवायची. मग एका सकाळी तो एका अंगाला कलला. मन्नूबियाने सरळ करायला हात घातला तर तो हातातच आला, आणि बुडातून तपकिरी पाणी गळाले. तिने त्याला उकिरड्यावर टाकले नाही. फडक्यात गुंडाळून ओकच्या झाडाखाली पुरले. संध्याकाळी सुनेजवळ बसून म्हणाली, "तुझ्या आईच्या घरचं माणूस माझ्या हातून गेलं, पोरी." गमरा कणीक मळत राहिली. पण त्यानंतर तिने मला स्वतःच्या नजरेआड होऊ दिले नाही.

आता मी एकटा होतो. तिकडे पठारावर काय चालले आहे ते वर्दा फोनवर सांगायची. अलजियाने कुंपणाच्या जागी दोरीवर घोंगड्या टांगल्या होत्या, वाऱ्याने त्या पडल्या, तिने पुन्हा टांगल्या नाहीत. अंगणात बसली तर रस्त्याकडे पाठ करून बसते. शेळ्या विकल्या. भट्टी पेटवत नाही, शेजारून कुणी भाकरी दिली तर खाते. आणि दर शुक्रवारी अलजिया स्वतः मुलीला फोन करून एकच गोष्ट विचारायची, फड्यांनी मातीत पकड घेतली का. गमरा सांगायची की तिघेही छान आहेत.

लझर, गमराचा नवरा, ओकच्या सालीचे काम करतो. त्या झाडाची जाड साल काढतात, तिची बुचे होतात. त्याने बायकोला विचारले की आईला खोटे का सांगतेस. ती म्हणाली, "तिच्याकडचं सगळं मेलंय. मला तिला एक तरी जिवंत दाखवायचं आहे. नाहीतर ती अशीच बसून संपेल."

लझर दुसऱ्या दिवशी सालीचा एक चौकोनी डबा करून घेऊन आला. साल हलकी, पाणी न धरणारी. बुडाला भोके पाडली, त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे, त्यावर ओढ्यातली जाड वाळू, आणि मातीची जेमतेम एक मूठ. माझी खपली आता चांगली घट्ट झाली होती. मला वाळूत पुरले नाही, नुसते टेकवून उभे केले, दोन बाजूंना दोन दगडांचा आधार दिला. पाणी थेंबभरही नाही. डबा पडवीत भाकरीच्या भट्टीच्या भिंतीला लावून ठेवला, जिथे रोज सकाळी ऊब येते आणि वाराही फिरतो. धुके आले की गमरा मला आत घ्यायची, विरले की बाहेर ठेवायची. अंगावर दव दिसले तर कोरड्या फडक्याने टिपायची, काट्यांच्या मधूनमधून. मन्नूबिया लांबून बघायची आणि टोमणा मारायची, "मला बाळंतपणातही एवढं जपलं नव्हतं कुणी." पण पाण्याचे भांडे तिने माझ्या बाजूला आणले नाही.

तो हिवाळा मी कधी विसरणार नाही. पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. एकदा बर्फही पडले. मी सुरकुतून कातड्यासारखा झालो. माझ्या बुडाशी एक काळा डाग आला आणि गमराने तो सुरीने खरवडून त्यात भट्टीची राख भरली. पुन्हा सुकायचे, पुन्हा खपली धरायची. मला वाटले, आपण कुंपणाबरोबरच गेलो असतो तर बरे झाले असते. तिथे निदान सगळे बरोबर होते.

मग कधीतरी थंडी ओसरत असताना खपलीच्या कडेला खाजल्यासारखे झाले. एक पांढरा धागा बाहेर आला आणि वाळूत चाचपडू लागला. त्याच्यामागून दुसरा. कुणाला दिसले नाही. पण उन्हाळ्याच्या तोंडावर माझ्या माथ्यावर एक कोवळा कोंब आला, करंगळीच्या नखाएवढा, आणि तो मात्र सगळ्यांनी पाहिला. गमराने आईला फोन केला आणि म्हणाली की ये, डोळ्यांनी बघ.

अलजिया आली. खूप बारीक झाली होती. अंगावर तिने स्वतः विणलेली लोकरीची गडद लाल शाल होती, लग्नकार्यात पांघरायची ती. तिने घरात पाणी घेतले, विहीणबाईंची विचारपूस केली आणि थेट पडवीत आली. तिने डबा पाहिला. मग आजूबाजूला पाहिले.

"तीन म्हणाली होतीस."

"एक आहे, उम्मी."

"पहिला कशाने गेला?"

"रस्त्यात."

अलजियाने विचारले, "मी टाकलेलं पाणी टपावर पडलं होतं का?"

गमराने मान खाली घातली. मन्नूबिया मध्येच म्हणाली की दुसरा माझ्यामुळे गेला, पाणी मीही घातलं, आपण दोघी सारख्याच. त्यावर दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून ओशाळून हसल्या. मग अलजिया खाली बसली, शालीच्या पदराची घडी करून मला कमरेला धरले आणि हळूच वर ओढले. मुळे धरली आहेत का ते असेच बघतात. मी हललो नाही. तिने पुन्हा ओढले, जरा जोराने. मी हललो नाही. तिने हात काढून घेतला आणि म्हणाली, "आता घरी भट्टी पेटवीन म्हणते." गमरा आत निघून गेली, कारण तिला रडू आवरेना.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. अलजिया रोज माझ्या शेजारी बसायची आणि पठारावर बोलायची तसेच बोलायची, ओल फार आहे, इथल्या भाकरीला वेगळा वास येतो, असे. लझरशी तिने ठरवून टाकले होते की पठारावरची कीड हटायला काही वर्षे जातील, तोवर माझी पोरे इथे वाढवायची, मग एकेक नेऊन रांग लावायची. माझा कोंब चांगला तळहाताएवढा झाला. एकदा अचानक पावसाची झड आली आणि घरात कुणी नव्हते. अलजियाला डबा उचलवेना. तिने अंगावरची शाल काढली आणि माझ्यावर पांघरली, बुडापासून अर्ध्या अंगापर्यंत. कोंब तेवढा वर उघडा राहिला. पाऊस थांबेपर्यंत ती तशीच भिजत उभी होती.

आणखी काही आठवड्यांनी, सकाळच्या उन्हात बोलता बोलता ती माझ्याकडे वाकली. माझ्या खालच्या कडेला, काट्यांच्या बुडाशी, पांढरा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा. तिने तो नखावर घेतला आणि दुसऱ्या नखाने दाबला. नख लाल झाले.

मग तिने मुलीला हाक मारली. "गमरा, ये. नको, जवळ येऊ नकोस. तिथेच थांब."

मन्नूबिया म्हणाली की चिरडलेल्या डासाचे रक्त असेल. अलजिया म्हणाली, "डास मी ओळखते, मन्नूबिया. आणि ही कीडही ओळखते."

मग तिनेच हिशेब लावला. आमच्या पठारावर बायका लोकर धुतली की हिंदीवर, म्हणजे आमच्यावरच, वाळत घालतात. तिकडचा वारा दोरीवरचे काही ठेवत नाही, काटे मात्र लोकर घट्ट धरून ठेवतात. प्रवासाला निघण्याच्या आदल्या दिवशी अलजियाने शाल धुतली. स्वतःचे कुंपण नव्हते, म्हणून ती शाल घेऊन खालच्या ओहोळात गेली. तिथे एक बेवारशी झुडूप ट्रॅक्टरच्या हाती लागायचे राहिले होते. त्याच्यावर तिने शाल पसरली. तिच्या आईने, तिच्या सासूने आणि तिने जन्मभर हेच केले होते. हाताला सवय असते, ती विचारत नाही. आणि लोकरीत बसून ती कीड डोंगर चढून आली.

गमरा म्हणाली की साबणाने धुऊ, मी रोज धुईन, एकच तर फडा आहे.

"धुतलास तर या हवेत तो वाळणार कधी?" अलजिया म्हणाली. "सडून मरेल. आणि मी धुऊन बघितलंय, पोरी. अख्खं कुंपण धुऊन बघितलंय."

तिने सांगितले तसे सगळे आज सकाळी झाले. गमराने अंघोळ केली, धुतलेले कपडे घातले, सुरी राखेने पुसली. माथ्यावरचा कोवळा फडा दोन्ही बाजूंनी उन्हात धरून तपासला, पुन्हा पुन्हा. तो स्वच्छ निघाला. अलजिया अंगणाच्या पार टोकाला उभी राहून सांगत होती, सांध्यावर काप, सुरी तिरपी धर, कशालाही टेकवू नकोस. ती पुढे आली नाही. तो फडा माझ्यापासून सुटला तेव्हा मला दुखले, पण ते आमच्या जातीचे दुखणे आहे, त्याचे काही नाही. गमराने त्याला माडीवरच्या खोलीत नेले आणि सालीच्या एका कोरड्या फळीवर ठेवले.

मग अलजियाने शाल घडी करून माझ्या शेजारी ओट्यावर आणून ठेवली. गमराने हात पुढे केला, म्हणाली की उकळू, उकळली तर मरेल कीड. अलजियाने नाही म्हटले. मन्नूबियाने आपली राखाडी शाल आणून तिच्या खांद्यावर घातली. ती घेऊन अलजिया दुपारच्या गाडीने जायला निघाली. दोन दिवस थांब, असे सगळ्यांनी म्हटले.

"थांबले तर माडीवर बघायला जाईन," ती म्हणाली. "न जाता राहवणार नाही मला." मग मुलीच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "पकड घेतली तर फोन कर. नाही घेतली तरी कर. पण खरं सांग."

ती गेल्याला बराच वेळ झाला. लझरचा खड्डा आता कमरेइतका झाला आहे. त्याने ओकची लाकडे रचली आहेत, पण ती ओली आहेत, नुसती धुमसतात. मी हिरवा आहे, मलाही जळायला वेळ लागेल. शाल आधी पेट घेईल. माझ्या अंगावर आता आणखी दोन पांढरे ठिपके आहेत, ते मला जाणवतात. मला जाळतात म्हणून लझरवर माझा राग नाही, आणि अलजियावर तर मुळीच नाही. आम्हा तिघांनाही ज्यांनी मारले, त्यांच्या हातात पाणी होते किंवा पांघरूण होते.

मित्रांनो, माझे एकच मागणे आहे. कुणी कापून आणलेला जीव तुमच्या घरी आला, फडा असो, फांदी असो, तर त्याला लगेच कुरवाळू नका. आधी आपले हात बघा, ते कुठून आले आहेत ते बघा. त्याला पाजायची घाई करू नका. तो सुरकुतला तरी धीर धरा. त्याच्यापासून लांब उभे राहणे तुम्हाला जड जाईल, अलजियाला गेले तसे, पण ते करा.

पुन्हा बारीक पाऊस लागला आहे. वर, माडीवरच्या खोलीत, माझे लेकरू फळीवर पडले आहे. त्याची जखम अजून ओली आहे, आणि या हवेत तिला खपली धरायला किती दिवस लागतील, कुणाला सांगता येणार नाही. तोवर त्याला कुणी हात लावू नका.